वरचा तुकडा

मंगळवार आणि शुक्रवार हे माझे कापायचे दिवस. चौदा वर्षं हेच चाललंय. हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या उजव्या हाताला आमची पॅथॉलॉजी आहे आणि तिथल्या उत्तरेच्या खिडकीखाली माझं यंत्र. फुफ्फुसातून काढलेला तुकडा मेणात बसवून त्याचा लहानशा वडीएवढा ब्लॉक केलेला असतो. तो यंत्रात लावायचा आणि चाक फिरवायचं. पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप सुटतात. ते कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे, वाळवायचे आणि मग रंगवायचे.

रंगवणं हे खरं काम. कॅन्सरच्या पेशींत काही प्रोटीनं अशी सापडतात जी निरोगी पेशींत नसतात. नेमकं त्या प्रोटीनलाच चिकटेल असं द्रव्य काचेवर सोडलं, की प्रोटीन असलेली पेशी तपकिरी होते. बाकी सगळं निळं राहतं. तपकिरी किती, कुठे, यावरून पेशंटचं औषध ठरतं.

आणि रंग खरा की खोटा हे कळावं म्हणून प्रत्येक काचेवर पेशंटच्या तुकड्याच्या वर एक निरोगी तुकडा लावतात. तो निळाच राहायला हवा. तपकिरी झाला तर रंगवणाऱ्याची चूक. काच बाद, काम पहिल्यापासून. आमचा वरचा तुकडा दहा वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेल्या कुणा माणसाच्या फुफ्फुसाचा होता. गाठीपासून लांबचा, स्वच्छ भाग. ब्लॉक नंबर अकराशे सत्तेचाळीस. हजारो काचांवर तो मी लावला असेन. मिठाच्या डब्याकडे आपण जितकं लक्ष देतो, तितकंच माझं त्याच्याकडे होतं.

त्या मंगळवारी वरच्या तुकड्यात एक पेशी तपकिरी दिसली.

एका पेशीने काही होत नाही. धुण्यात कमी पडलं असेल म्हणून मी काच पुन्हा केली. एकच पेशी. शुक्रवारी चार होत्या. मी द्रव्याची नवी बाटली फोडली, पाणी बदललं, भट्टीचं तापमान तपासलं. मंगळवारी नऊ.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो वायरमन आहे. जेवता जेवता म्हणाला, "लूज कनेक्शन असेल कुठेतरी."

"अरे, मेणातला तुकडा आहे तो. दहा वर्षांपूर्वीच मेलेला."

"मग वाढणार कसा? तुझंच मोजताना चुकत असेल."

मलाही तसंच वाटत होतं. ब्लॉक खोलवर कापत गेलं की नवा थर उघडा पडतो, त्यामुळे आत दडलेलं काही आता वर येत असेल, असंही एक उत्तर होतं. ते तपासायला सोपं होतं. माझ्या खणात वर्षभरापूर्वी कापून ठेवलेल्या, न रंगवलेल्या काचा होत्या. त्या वरच्या थरातल्या; तिथे काही असायचं कारण नव्हतं. त्यातली एक रंगवली. त्या दिवशी ताज्या कापात चौदा पेशी होत्या.

जुन्या काचेतही चौदाच होत्या.

मी यंत्र बंद केलं आणि रेकॉर्डच्या खोलीत गेले. पाच वर्षांपूर्वी रंगवून, वर दुसरी काच चिकटवून कायमच्या बंद केलेल्या स्लाइड तिथे लाकडी ट्रेमध्ये उभ्या असतात. अशा स्लाइडला ना द्रव्य लागू शकतं, ना हवा. तेव्हाच्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: वरचा तुकडा निळा, स्वच्छ. खाली मॅडमची सही.

मी एकामागून एक सहा स्लाइड मायक्रोस्कोपखाली घेतल्या. सहाही स्लाइडमध्ये चौदा तपकिरी पेशी होत्या. श्वासनळीला दोन फांद्या फुटतात तिथल्या एका बेचक्यात, एकमेकींना चिकटून.

आमच्या मॅडम, म्हणजे विभागाच्या मुख्य डॉक्टर, फार शांत बाई. त्यांनी सहाही स्लाइड पाहिल्या. मग चष्मा काढून डोळे चोळले.

"तेव्हा आपण दोघींनी नीट पाहिलं नसेल," त्या म्हणाल्या.

"सहाच्या सहा, मॅडम?"

"दुसरं काय म्हणू? तू ब्लॉक बदल आणि मोकळी हो. एवढा कशाला घोर लावून घेतेस?"

ब्लॉक मी बदलला. नवा कंट्रोल, म्हणजे वरचा निरोगी तुकडा, लावला, तो निळा निघाला, काम सुरळीत झालं. पण मोकळी काही झाले नाही. डोक्यात किडा वळवळत राहिला. कामावर आल्यावर पर्स ठेवायच्या आधी मी अकराशे सत्तेचाळीसची एक जुनी स्लाइड बघू लागले. एकोणीस. चोवीस. एकतीस. दुपारी जेवायच्या सुट्टीत पुन्हा. मशीनमधलं पाणी बदलताना मध्येच हात पुसून पुन्हा. बसमध्ये बसलं की वाटायचं, आत्ता किती झाल्या असतील? घरी भाजी चिरताना सुरी हातात धरून मी तशीच उभी राहायचे आणि सासूबाई विचारायच्या, "काय गं, कुणाची वाट बघतेस?"

शेवटी मी जुनं रजिस्टर काढलं. अकराशे सत्तेचाळीस: पुरुष, तेव्हा वय अठ्ठावन्न, व्यवसाय पोहण्याचे प्रशिक्षक. उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढलेला. पाच वर्षं तपासण्या नीट, नंतर येणं बंद. मृत्यूची नोंद नव्हती. पत्ता होता.

पेशंटला असं परस्पर गाठणं नियमात बसत नाही. मी ते चौदा वर्षांत कधी केलं नव्हतं.

तलाव हॉस्पिटलपासून तीन बस-थांब्यांवर होता. बंदिस्त, उंच छताचा, क्लोरीनच्या वासाने भरलेला. काठावर आखूड चड्डीतला, पांढऱ्या केसांचा उंच माणूस एका पोक्त बाईला पाण्यावर उताणं तरंगायला शिकवत होता. "मान सोडा. पाणी तुम्हाला खाणार नाहीये. तुम्हीच त्याला पिताय." आजूबाजूचे हसले. सगळे त्याला कोच म्हणत होते.

मी ताकाला गेले होते आणि भांडं लपवत होते. पोहायला शिकायचंय म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिलं.

"तुम्ही पाण्याकडे एकदाही बघितलं नाहीत. पाच मिनिटं माझ्या छातीकडे बघताय. मी काही आता पूर्वीइतका देखणा राहिलेलो नाही."

मग मात्र मी सांगितलं. सगळं नाही. जुन्या तुकड्याची फेरतपासणी करताना शंका आली, एकदा स्कॅन करून घ्या, एवढंच. त्यांचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. डावा हात मागे नेऊन ते पाठीवर उजव्या खांद्याखाली चोळत राहिले.

"मला काही त्रास नाही," ते म्हणाले. "रोज वीस फेऱ्या मारतो."

"तरी करा."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. मी कापते."

का कोण जाणे, या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला. आपला नंबर त्यांनी मला एका तिकिटाच्या पाठीवर लिहून दिला आणि माझा घेतला.

स्कॅनमध्ये डाव्या फुफ्फुसात, श्वासनळीच्या एका बेचक्यात, नऊ मिलिमीटरचा ठिपका निघाला. सर्जन म्हणाले, इतक्या लवकर सापडणं म्हणजे नशीबच. ऑपरेशनच्या सकाळी मी स्लाइड पाहिली तेव्हा एकसष्ट पेशी होत्या. साडेबाराला पुन्हा पाहिली. एकसष्ट. एक वाजून दहा मिनिटांनी त्यांचा तुकडा बरणीतून आमच्याकडे आला, अजून कोमट. मी सही करून घेतला, टेबलावर ठेवला आणि मायक्रोस्कोपकडे गेले.

स्लाइड निळी होती. सगळी. बेचक्यात काही नव्हतं.

खरं तर इथे मला बरं वाटायला हवं होतं. माणूस वाचला होता, मी वाचवला होता. मॅडमनी काही न विचारता माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी ब्लॉक डबीत घालून खणात आत सारला आणि ठरवलं, पुरे.

तीन महिन्यांनी कोच बिस्किटांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. वजन उतरलं होतं, पण पाठ ताठ होती. मॅडम मीटिंगला गेल्या होत्या.

"आता खरं सांगा," ते स्टुलावर बसत म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं?"

मी स्लाइड लावून दिली. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं. "हे माझं फुफ्फुस? जाळीचा पडदा वाटतोय." मग मी त्यांना पेशी, आकडे, बंद काचा, सगळं सांगितलं. वेड्यात काढतील या तयारीने सांगितलं. त्यांनी वेड्यात काढलं नाही. ते खिडकीखालच्या यंत्राकडे बघत होते.

"यावर कापता?"

"हो."

"माझा तुकडा कधी कापायचात?"

"मंगळवारी आणि शुक्रवारी. दहाच्या पुढे."

त्यांचा हात आपोआप मागे, उजव्या खांद्याखाली गेला.

"आता कापत नाही तुम्ही," ते म्हणाले. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

"चार महिने झाले, बंद केलं."

"तलावावर सगळ्यांना ठाऊक आहे," कोच सावकाश म्हणाले. "मंगळवार-शुक्रवार, दहा ते साडेदहा, माझ्या वाटेला जायचं नाही. दहा वर्षं. इथे, पाठीत, सुईने दोरा ओढावा तसं. शिवलेल्या जागेची नस असेल म्हणाले डॉक्टर. आणि चार महिन्यांपूर्वी एकदम थांबलं."

त्यांनी खिडकीखालच्या यंत्राकडे बोट केलं.

"करून बघा," ते म्हणाले.

"नको."

"एकदा. नाहीतर तुम्ही झोपणार नाही नि मीही."

ते बाहेर व्हरांड्यात जाऊन काचेच्या दाराकडे पाठ करून बसले. मला दिसत होते. त्यांना मी दिसत नव्हते. मी डबी उघडली. ब्लॉक यंत्रात लावला. चाकाची मूठ दोनदा हातातून सुटली.

मी चाक फिरवलं. एक काप सुटला.

व्हरांड्यात कोचनी उजवा हात वर केला.

मी थांबले. घड्याळ बघून चार मिनिटं थांबले. बाहेरून दोन नर्स बोलत गेल्या. मग मी फिरवलं.

हात वर झाला.

तिसऱ्यांदा मी नुसतंच चाकावर हात ठेवून बसले. कोच हलले नाहीत. मग अचानक, मलाही नकळत, फिरवलं.

हात वर झाला, आणि या वेळी खाली आलाच नाही. मी धावत बाहेर गेले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"पुरे," मी म्हणाले.

"किती उरलाय मी?" त्यांनी विचारलं. हसायचा प्रयत्न केला. "पुरवून वापरलंत ना?"

मी माफी मागायला गेले तर त्यांनी हातानेच थांबवलं. "तुम्हाला काय माहीत होतं? शिवाय तुम्ही कापत राहिलात म्हणून तर मी आहे. फक्त आता कुणाच्या हाती देऊ नका."

त्या दिवसापासून माझं कापणं बदललं. पाती मी दर ब्लॉकला नवी घेऊ लागले. बोथट पात्याने कुणाला काय होत असेल, हा विचार मनातून जाईना. अकराशे सत्तेचाळीसचं मला कळलं, कारण तोच मी दहा वर्षं पुन:पुन्हा पाहिला. बाकीचे ब्लॉक एकदा रिपोर्ट गेला की तळघरात जातात. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा बघतं कोण? आणि मी बघायला गेले नाही. दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. मॅडम म्हणाल्या, तुझा वेग अर्ध्यावर आलाय. मी म्हणाले, डोळे दुखतात.

मग सोमवारी दुपारी स्टोअरकीपर यादी घेऊन आला. जाडजूड, नेहमी घाईतला माणूस.

"अकराशे सत्तेचाळीस तुमच्याकडे आहे असं रजिस्टर म्हणतंय. द्या बरं."

"कशाला?"

"तळघर रिकामं करायचंय. नव्या स्कॅन मशीनला तीच जागा दिलीय. दहा वर्षांच्या आतलं ठेवा, जुनं सगळं काढा, असा हुकूम आहे. हॉस्पिटल बांधल्यापासून आजवर कुणी एक खोकं हलवलं नव्हतं. माझी कंबर मोडली."

"काढून कुठे टाकणार?"

"टाकणार कुठे? मेणच ते. गावाबाहेरच्या भट्टीत. उद्या सकाळी पेटवणार."

माझ्या पाचावर धारण बसली. "किती आहेत?"

त्याने यादीचं शेवटचं पान उलटलं. "बेचाळीस हजार आणि काही."

मी मॅडमकडे गेले. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, व्हरांड्यातला हातही. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "समजा मी तुझ्यावर विश्वास ठेवला. वर काय कारण लिहून देऊ?"

त्यांनी पुढे केलेला कोरा कागद मी तसाच परत सरकवला.

"तू आठ दिवस रजा घे," त्या म्हणाल्या. आवाज मऊ होता. पण त्यांचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता, आणि मला आठवलं, सहा वर्षांपूर्वी त्यांचं अपेंडिक्स आमच्याच इथे आलं होतं. सहा. म्हणजे दहाच्या आतलं. तेच त्यांनीही मनात मोजलं असावं, कारण त्यांनी हात पटकन टेबलावर घेतला.

मी एक कोरा मेणाचा ब्लॉक केला, त्यावर अकराशे सत्तेचाळीस लिहिलं आणि स्टोअरकीपरला दिला. खरा ब्लॉक कापसात गुंडाळून पर्समध्ये घातला. पाच वाजता खिडकीतून ट्रक दिसला. माणसं खोकी झेलत होती. एक खोकं हातातून निसटलं, फुटलं, आणि कुणीतरी बुटाने ब्लॉक गोळा केले.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. रजा असून मी कामावर गेले. यंत्राजवळ बसले, पण काही कापलं नाही. घड्याळाकडे बघत राहिले. दहा वाजले. साडेदहा वाजले. ब्लॉक उन्हापासून लांब, मांडीवर ठेवला होता.

सव्वाअकराला फोन वाजला. कोच होते.

"माझा तुमच्याकडेच आहे ना?"

"हो. माझ्या हातात आहे. तुम्हाला काही होतंय?"

"नाही. मला काही नाही." मागे तलावाचा घुमणारा आवाज होता, नेहमीपेक्षा फार कमी. "इथे एक गंमत चाललीय, म्हणून फोन केला. सकाळची बॅच दहाला संपते. आज तिघं पाण्याबाहेर यायलाच तयार नाहीत. बाहेर भाजतंय म्हणतात. मी काठावर उभा आहे, चांगलं गार आहे इथे."

मी ब्लॉक कापसात गुंडाळला.

"आणि बाहेरून माणसं येताहेत," ते म्हणाले. "मी ओळखत नाही त्यांना. म्हातारी आहेत, तरुण आहेत. एक बाई बँकेच्या गणवेशात आहे. तिकीट काढत नाहीत, बोलत नाहीत. सरळ येतात आणि कपड्यांसकट पाण्यात उतरतात."

"किती जण?"

"मोजत होतो. सोडून दिलं." ते थांबले. पाण्यात कुणीतरी उतरल्याचा आवाज आला, मग आणखी एक. "अहो, कुणी ओरडत नाहीये. नुसती मान वर ठेवून उभी आहेत सगळी. आता पाण्यात जागा उरलेली नाही, आणि दाराबाहेर रांग लागलीय."